देवाच्या नावावरची गाडी

"चाकाखालचं लिंबू काढा रे, फळीवर चाक घसरेल," असं कोणीतरी कन्नडमध्ये म्हणालं आणि हणमंताच्या हातातली कुंकवाची वाटी हातातच राहिली.

तो वाकून मोटारसायकलच्या टाकीवर कुंकवाचं बोट ओढत होता. दिव्याला लावून झालं होतं, चाकांना झालं होतं. झेंडूची माळ त्याने स्वतः ओवली होती आणि हॅण्डलला बांधल्यावर सोडून पुन्हा बांधली होती, कारण एक बाजू खाली लोंबत होती. शिंप्याला असलं चालत नाही. आयुधपूजेचा दिवस. म्हैसूरच्या विठ्ठल मंदिराच्या अंगणात नुकताच फोडलेला कोहळा कुंकवाने लाल होऊन पडला होता. आत गाभाऱ्यासमोर तांबड्या कापडावर साऱ्या शिंपी गल्लीची मशिनं, कात्र्या, इस्त्र्या मांडून ठेवल्या होत्या.

कंबरेवर हात ठेवून हणमंत सरळ झाला. फाटकाशी एक लहान लॉरी पाठमोरी लागत होती. मागची फळी जमिनीवर टेकलेली.

"काय न्यायला आलाय?" त्याने विचारलं.

"हीच की अज्जा. हार्ले. दुसरं काय आहे इथं नेण्यासारखं?" लॉरीवाला म्हणाला.

हणमंताला हसू आलं. असं माणूस वर्षातून एखादं यायचंच. कोणी फोटो काढायचं, कोणी किंमत विचारायचं. "चुकीच्या देवळात आलास बाबा. ही विकायची नाही."

"विकून झाली अज्जा. तुम्हाला सांगितलं नाही काय?"

तेवढ्यात देवळाच्या ऑफिसातून शेषगिरी बाहेर आला. अंगावर रेशमी शाल, कपाळाला बुक्का, बोटात अध्यक्षाची अंगठी. समितीने अंगठी दिलेली नाही, ती त्याने स्वतःच करून घेतली आहे.

"भावजी," तो म्हणाला, "जरा इकडे या."

त्या एका शब्दाने हणमंताला सगळं कळलं.

शेषगिरी त्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे नात्याने भावजी म्हणणं बरोबरच होतं. पण सोयरीक व्हायच्या कितीतरी आधी ते दोघं एका पाटावर बसून काजं करायला शिकले होते. शेषगिरी त्याला 'हणम्या' म्हणायचा. लग्नाच्या मांडवात भटजींनी दटावलं म्हणून एकदा 'भावजी' म्हणाला, तर दोघांनाही हसू आवरलं नव्हतं. त्यानंतर आज.

आणि आज सकाळी तो मशिन उतरवायलाही आला नव्हता. गल्लीची रीत अशी की आयुधपूजेला मशिन रिक्षातून देवळात येत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून आणायचं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरूनच परत न्यायचं. ओतीव लोखंडाचं ते वजन. चढवायला एक माणूस लागतो, उतरवायला एक. इतकी वर्षं हणमंताचं मशिन शेषगिरीने उतरवलं, शेषगिरीचं हणमंताने. आज हणमंत पायरीशी ओझं घेऊन उभा राहिला, मान भरून आली, शेवटी शेजारच्या रंगनाथने हात लावला. अध्यक्ष आहे, कामात असेल, असं हणमंताने मनाला सांगितलं होतं. माणूस स्वतःला फसवायला फार सोपा.

"इथंच सांग," हणमंत म्हणाला.

"समितीत ठराव झालाय. देवळाच्या हॉलचं काम पैशावाचून अडलंय, तुम्हाला गोत्तेच, ठाऊकच आहे."

"मला न विचारता ठराव?"

"तुम्ही समितीत कुठं आहात?"

हे मात्र खरं होतं. हणमंत समितीत कधीच नव्हता. तो अंगण झाडायचा, एकादशीला फुलं आणायचा, कीर्तनकार बुवांना स्टेशनवरून याच गाडीवर बसवून आणायचा. असली कामं करणाऱ्याला समितीत घेत नाहीत.

"गाडी माझी आहे, शेषा."

"कुणाच्या नावावर आहे?"

हणमंताने वाटी दुसऱ्या हातात घेतली.

गाडी विठ्ठलाच्या नावावर होती. आणि ती विठ्ठलाच्या नावावर कर असं सांगणारा शेषगिरीच होता.

म्हैसूर तेव्हा राज्याचंही नाव होतं. हणमंत जीपची हुडं आणि कुशनं शिवायचा. सरगूरला एका लाकडाच्या कंत्राटदाराच्या जीपला हूड बसवायला दोघं मित्र गेले होते. कंत्राटदाराच्या गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांआड, ही उभी होती. महायुद्धात अमेरिकन लष्कराबरोबर आलेली, नंतर लिलावात विकलेली. हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला, दोन्ही चाकं बसलेली, आणि चामड्याच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"हे काय जनावर आहे?" हणमंताने विचारलं.

"अमेरिकन आहे. पेट्रोल पिते, चालत नाही," कंत्राटदार म्हणाला. "पाहिजे तर ने. हुडाची मजुरी मागू नको, वर थोडं तूच टाक."

हणमंताने कोंबडी उठवली, आणि तिने त्याला चोच मारली. लाकडाच्या लॉरीवर, सागाच्या ओंडक्यांवर आडवी बांधून त्यांनी गाडी आणली. एच. डी. कोटे गाव मागे पडेपर्यंत शेषगिरी वर तिला धरून बसला होता. पडली तर आपण दोघंही पडू, म्हणत होता.

घरी वडील एकच वाक्य बोलले. "तो राक्षस माझ्या नावावर नको." गल्लीत बापाच्या घरात राहणाऱ्या पोराच्या स्वतःच्या नावावर काही नसायचं. मग करायचं काय? तेव्हा शेषगिरीने युक्ती काढली.

"हणम्या, देवरूच्या नावावर घे की. विठ्ठलाला मोटारसायकल घेतली म्हटल्यावर तुझा बाप काय करणार? देवाशी भांडणार काय?"

युक्तीला आधार होता. या गल्लीत पहिलं ते विठ्ठलाचं. पोराचा पहिला टाका देवाच्या अंगीवर, पहिलं मशिन देवाचं. म्हणजे हळदीकुंकू लावायचं आणि म्हणायचं, 'हे देवाचं, मी वापरणारा.' तोंडी कारभार. मशिनाला कुठं सरकारी कागद लागतो? गाडीला मात्र लागला. मालकाच्या रकान्यात श्री विठ्ठल रुक्मिणी देवस्थान असं चढलं आणि ते दोघं सरकारी कचेरीच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

वडील गेले, लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं. नाव बदलून घेता आलं असतं. पण देवाकडून काढून आपल्या नावावर करायचं, ते कुठल्या तोंडाने? विठ्ठलापुढे उभं राहून काय सांगायचं, दिलेलं परत दे म्हणून? हणमंताला ते कधी जमलं नाही. उलट कोणी विचारलं, गाडी कोणाची, तर तो छाती काढून सांगायचा, "आमच्या विठ्ठलाची. मी ड्रायव्हर." लोक हसायचे, त्याला बरं वाटायचं.

कमलाक्षी लग्न होऊन आली तेव्हा त्याने तिला मागच्या कॅरिअरवर उशी बांधून बेळगोळच्या रस्त्याने धरणावर नेलं होतं. ती जाताना घाबरली आणि येताना गात होती.

त्या गाडीचं सगळं उलटं. क्लच डाव्या पायाशी, गिअर टाकीच्या बाजूला हाताने टाकायचा. हणमंत तिच्याशी इतका जुळला की दुसरी गाडी त्याला कधी चालवता आलीच नाही. पण त्या कंपनीच्या दुसऱ्या गाड्या बघायचं तो सोडायला तयार नव्हता. देवराज मार्केटमागच्या रद्दीवाल्याकडे अमेरिकन मासिकं यायची. त्यात नवीन मॉडेल दिसलं की पान फाडून घरी. पुढे गोकुळम्‌ला योगासनं शिकायला येणाऱ्या गोऱ्या लोकांतली एक मार्था बाई त्याच्याकडून चटयांच्या पिशव्या शिवून घ्यायला लागली. तिच्या गावातच कंपनीचं दुकान होतं. ती दरवर्षी कॅटलॉग आणायची, हणमंत तिला वर्षभराच्या पिशव्या द्यायचा. तो कॅटलॉगमध्ये इंजिन बघायचा नाही. सीट बघायचा. भिंग लावून शिवण बघायचा.

आणि शिवायचा. नवीन मॉडेल आलं की तशी खोळ आपल्या जुन्या गाडीच्या सीटला. जुनी खोळ काढायची नाही, तिच्यावरच नवी चढवायची. उशीसारखी फुगली होती ती सीट. तिकडे अमेरिकेत लोक नवीन गाडी घेत होते. म्हैसुरात हणमंत त्याच गाडीवर नवीन गाडीत बसत होता.

कंपनी पुढे भारतात आली. इथंच साडेसातशे सीसीची गाडी बनवायला लागली. शेषगिरीचा मुलगा वसंता तेव्हा लागला मागे, "मामा, चला बेंगळूरला, शोरूम दाखवतो." आत्याच्या नवऱ्याला गल्लीत मामाच म्हणायचे. हणमंताला पोराचं फार कौतुक वाटलं. स्वतःच्या पोटी मूल नाही, हा म्हाताऱ्याला गाडी दाखवायला नेतो. इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. शोरूममधल्या पोरीने त्याला नव्या गाडीवर बसवलं. तो बसला आणि त्याचा डावा पाय क्लच शोधत राहिला. सीटखाली बोट घालून त्याने शिवण चाचपली. मशिनची होती, पण नीट होती. त्याला बरं वाटलं, की पोरं अजून नीट शिवतात.

तिथं एक दाढीवाला होता. जुन्या गाड्या जमवणारा, वसंताचा ओळखीचा. वसंताने मोबाइलवर म्हैसूरच्या गाडीचा फोटो दाखवला. दाढीवाल्याने फोटो मोठा करून पाहिला, मग हणमंताकडे पाहिलं.

"तुमची काय सर?"

आणि हणमंत छाती काढून म्हणाला, "आमच्या विठ्ठलाची. मी ड्रायव्हर."

वसंता तेव्हा हसला नाही. हे हणमंताला आज, कुंकवाची वाटी हातात घेऊन उभं असताना आठवलं.

"शेषा," तो म्हणाला, "तूच म्हणालेलास, देवाच्या नावावर घे म्हणून."

"म्हणालो की. नाही म्हणतो काय मी?" शेषगिरीने शाल सावरली. "तेव्हा देवाला दिली. आता देवाला गरज आहे. देवाची वस्तू देवाच्या कामाला आली. त्यात एवढं काय?"

"ते नाटक होतं. आपण दोघं हसलो होतो पायरीवर."

"असं बोलू नये भावजी. देवळात उभे आहात."

"बरं. मग आजच का? उद्या का नाही? काल का नाही?"

शेषगिरी टाकीवरच्या ओल्या कुंकवाकडे बघत राहिला. उत्तर द्यायची गरजही नव्हती. पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही, ही गल्लीची रीत. आज इथं सुई कोणी उचलत नाही, फाटलं तर फाटकं घालतात. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हणमंत गाडीवर आडवा पडला असता. किल्ली गिळली असती. आज पूजेनंतर तो तिला बोट लावणार नाही, हे शेषगिरीला ठाऊक होतं, कारण तो त्याला लहानपणापासून ओळखत होता. परका माणूस चोरी करतो तेव्हा कुलूप फोडतो. आपल्या माणसाला कुलूप फोडावं लागत नाही. तुमची श्रद्धा कुठं ठेवलेली असते ते त्याला माहीत असतं.

फाटकातून वसंता आला. काळ्या साडेसातशेवर, तिलाही झेंडूची माळ. मागच्याच महिन्यात त्याने ती आणली होती. तेव्हा हणमंताने गल्लीत साखर वाटली होती, आणि लगेच आपल्या जुन्या गाडीला तशीच काळी खोळ शिवून चढवली होती. मामा-भाचे एकसारखे दिसू म्हणून.

"मामा, बेजार होऊ नका," वसंता म्हणाला. "तिथं बेंगळूरला एसीत ठेवतात. नवीन मॉडेलांच्या शेजारी. तुम्ही यावाग बेकादरू, कधीही या आणि बघा."

"तुला ठाऊक होतं?"

"मामा, ती इथं देवळाच्या शेडमध्ये गंजणार. तुमच्यानंतर कोण बघणार? मी बघितली असती, पण मला तो पायाचा क्लच जमत नाही. आणि त्यांनी मला पण गाडी केली की, नाहीतर मला कुठली..."

"सुम्मनिरु," शेषगिरी म्हणाला. पण गप्प बसायला सांगायला उशीर झाला होता.

आता साऱ्या अंगणाला कळलं. दाढीवाल्याने आपली वापरलेली साडेसातशे वसंताला देऊन टाकली होती आणि समितीला सांगितलेली किंमत तेवढ्याने उतरली होती. देवाच्या गाडीतून आधी पोराची गाडी काढली, उरलेली देवाला. रंगनाथ काढून ठेवलेल्या जोड्यांकडे बघायला लागला. समितीचे दोघं घंटा पुसायला लागले. आपल्या लोकांत देवळाच्या अध्यक्षाविरुद्ध बोलायचं असेल तर घरी जाऊन बोलतात.

लॉरीवाल्याची माणसं पुढे झाली. एकाने हॅण्डल धरलं, एकाने कॅरिअर.

"थांबा," हणमंत म्हणाला.

तो पायऱ्या चढून देवळात गेला. दिव्यात तेल घालणाऱ्या शांताक्का गाभाऱ्याशी बसल्या होत्या, गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या. हणमंत तांबड्या कापडाशी वाकला आणि त्याने आपली कात्री उचलली. हळदीकुंकवाने माखलेली मोठी कात्री, पात्यांत फूल अडकलेलं.

"अय्यो, हणमंता," शांताक्का म्हणाल्या, "आज नको रे बाळा. आज बेडा."

"एवढंच काम आहे, अक्का."

तो बाहेर आला तेव्हा शेषगिरी दोन पायऱ्या वर चढलेला होता. त्याच्या तोंडावरचा रंग पहिल्यांदाच बदलला.

"भावजी, आज हत्याराला हात लावत नाहीत."

"तू लावलास की, शेषा."

तो गाडीशी गेला. शिवायचं बुटकं स्टूल शेडमध्येच असायचं, ते ओढून सीटजवळ बसला. काळ्या खोळीची कड उलटून तिच्या शिवणीचे टाके कात्रीच्या टोकाने एक एक करून सोडवायला लागला. टराटरा फाडली नाही. जशी घातली होती तशी काढली.

लॉरीवाला म्हणाला, "अज्जा, सीट पण सौद्यात आहे."

"सीट गाडीलाच ठेवतो. खोळी माझ्या आहेत. त्या कुणाच्या नावावर केलेल्या नाहीत."

काळी निघाली. वसंताच्या गाडीची. ती त्याने घडी घालून मांडीवर ठेवली आणि वसंताकडे बघितलं नाही. तिच्याखाली करडी, रुंद पट्ट्यांची. मार्था बाईने पहिला कॅटलॉग आणला तेव्हाची. कमलाक्षी म्हणाली होती, हत्तीच्या पाठीसारखी दिसते. ती सोडवायला वेळ लागला, कारण तेव्हा त्याचा हात जोरात होता आणि टाके बारीक पडायचे. तिच्याखाली तपकिरी रेक्झिन, बटणं ठोकलेली, एक बटण उडालेलं. मग पांढरी, तांबड्या-निळ्या कडेची. मासिकात ते चित्र बघून या रंगाची खोळ म्हैसुरात कोण घालणार म्हणून शेषगिरी चेष्टा करत होता, आणि मग त्यानेच मंडी मोहल्ल्यातून निळी पट्टी शोधून आणली होती. शेषगिरीने ती निळी पट्टी ओळखली. पायरीवर उभा होता, तो खाली बसला.

ऊन अंगणात सरकत आलं. लॉरीवाल्याने बिडी पेटवली, देवळात आहोत हे आठवून विझवली. कोणीही हणमंताला घाई केली नाही.

शेवटची पांढरी निघाली आणि खालचं लष्करी चामडं उघडं पडलं. काळपट, भेगाळलेलं, मध्ये खोलगट झालेलं. त्यावर बारीक ओरखडे होते. सरगूरच्या त्या कोंबडीच्या नखांचे.

हणमंताने त्यावर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग उठला.

"हे मूळचं," तो म्हणाला. "हे देवाचं. न्या."

चौघांनी गाडी फळीवरून चढवली. उघड्या सीटची ती गाडी पिसं काढलेल्या पाखरासारखी दिसत होती. लॉरी वळली, तिच्या चाकाखाली ते लिंबू फुटलं. हणमंत खोळी काखेत मारून, कात्री हातात धरून गल्लीतून घरी आला. देवाला हात जोडले नाहीत. विसरला नव्हता.

कमलाक्षीने दार उघडलं. तिने आधी काखेतल्या खोळी बघितल्या, मग कात्री, आणि ती भिंतीशी टेकली. काय झालं म्हणून तिने विचारलंच नाही. हणमंताने तिच्याकडे नीट बघितलं.

"तुला पण?"

"शेषाअण्णा म्हणाला, पूजा झाल्यावर मी सांगतो म्हणून. आधी सांगितलं तर तुम्ही शेडमध्ये जाऊन झोपाल म्हणून."

"झोपलो असतो."

"म्हणूनच की," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं, भांडण नको. एकुलता एक भाऊ आहे."

"बरोबर आहे," हणमंत म्हणाला. "मी तर ड्रायव्हर."

यावर ती रडली. तो उठून तिच्याजवळ गेला नाही.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. सगळं शहर मिरवणुकीतले हत्ती बघायला रस्त्यावर होतं. त्याआधी सकाळी गल्लीतल्या प्रत्येकाने आपापलं मशिन डोक्यावर घेऊन घरी नेलं. तांबड्या कापडावर एकच मशिन राहिलं. त्याच्या शेजारी कुंकवात कात्रीचा आकार कोरा उमटलेला होता.

हणमंत आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मशिनवरचा झेंडू वाळला. देवळात येणारी माणसं नमस्कार करायची आणि त्यांची नजर त्या मशिनवरून सरकायची. शांताक्कांनी ते हलवू दिलं नाही. ज्याचं त्याने न्यावं, म्हणाल्या. समितीतला एक जण म्हणाला, रिक्षात घालून पाठवू. शांताक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय संपला. देवापुढचं हत्यार डोक्यावरूनच घरी जातं.

शेवटी एका दुपारी अध्यक्ष स्वतः निघाला. रंगनाथने हात लावून मशिन त्याच्या डोक्यावर चढवलं आणि बरोबर येतो असं काही म्हणाला नाही. शाल नाही, अंगठी चुंबळीत अडकत होती म्हणून तीही काढलेली. शेषगिरी त्या वयात ते ओतीव लोखंड घेऊन साऱ्या गल्लीतून चालत आला. दारादारांतून लोक बघत होते.

हणमंत उंबऱ्याच्या आत, अर्ध्या दारामागे बसून मार्था बाईच्या पिशव्या हाताने शिवत होता. मशिन नव्हतं तर हाताने. कमलाक्षी पलीकडे डाळ निवडत होती.

"हणम्या," बाहेरून आवाज आला.

हणमंताने टाका पुरा केला.

"हणम्या, मशिन आणलंय. उतरवायला हात लाव."

"कुणाचं मशिन?"

"तुझंच की. कोणाचं म्हणजे काय?"

"माझं नाही. माझ्या बापाने घेतलं तेव्हा हळदीकुंकू लावून देवाला दिलं होतं. समितीचा माल आहे. विकून टाक आणि हॉलला एक खिडकी घाल."

"असं बोलू नको रे. मान भरली माझी."

हणमंताने सुईत नवीन दोरा ओवला. कमलाक्षीच्या हातातली डाळ थांबली. ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. मग नवऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून शिवत होता. त्याच्या मांडीखाली काळी, करडी, तपकिरी आणि पांढरी अशा चारही खोळी घडी घालून ठेवलेल्या होत्या, बसायला. ती परत आली, जागेवर बसली आणि डाळीतला खडा शोधायला लागली.

अर्ध्या दाराखालून शेषगिरीचे अनवाणी पाय दिसत होते. ते थोडे इकडे सरकले, थोडे तिकडे, वजन तोलत. मागे वळून जावं तर देवळात उतरवायला कोण आहे, याचा तो विचार करत असावा. पाय तिथंच राहिले.

आत सुई कापडातून जायची, यायची. बाहेर गल्लीत कोणाचं तरी मशिन चाललं होतं, ते बंद झालं.